मोशे नुसता टपालवाला होता का?

वाळवंटी
बायबलातला मोशे, यहुद्यांना मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून बाहेर काढणारा. त्याच्याबद्दल काल इथे कुणीतरी लिहिलं, "मोशे म्हणजे टपालवाला. नियम देवाचे, याने सीनाय डोंगरावरून नियमांच्या दगडी पाट्या खाली आणल्या, एवढंच." राहवलं नाही म्हणून लिहितोय. टपालवाला पत्र फाडतो का? लोक सोन्याचं वासरू पुजताना दिसताच याने देवाच्या हातच्या पाट्या डोंगराच्या पायथ्याशी आपटून फोडल्या. देव लोकांवर संतापला तेव्हा मोशे देवालाच म्हणाला, यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझं नाव खोड. आणि सलाफहादच्या मुली! महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप गेलेला, भाऊ नाही. दर्शनमंडपाच्या, म्हणजे देवाच्या भेटीच्या तंबूच्या दाराशी, सगळ्या सरदारांसमोर उभं राहून पाचजणींनी जमिनीचा वाटा मागितला. मोशेने हाकललं नाही, मनचा निकालही दिला नाही. प्रकरण देवापुढे नेलं आणि मुलींच्या बाजूने नवा नियम झाला.

खरं_ते_बोला
मीच लिहिलं होतं. बाबेलचा राजा हम्मुराबी, त्याचा कायदा इ.स.पू. 1750 च्या सुमाराचा. मारक्या बैलाचा नियम तिथेही आहे. तो कायदा कोरलेल्या शिळेवर राजा शामाश देवापुढे उभा आहे. कायद्यावर देवाची मोहोर लावायची त्या मुलखाची रीतच होती.

वाळवंटी
बैल दोन्हीकडे आहे, मान्य. निकाल बघा ना! बैल मारका आहे हे ठाऊक असून मोकळा सोडला आणि माणूस मेला, तर बाबेलात मालकाने चांदी भरायची. मोशेच्या नियमांत, बायबलच्या निर्गम 21 मध्ये, बैलाला धोंडमार आणि मालकालाही मरण, खंडणी ठरली तरच सुटका.

माहेरची_वाट
बैल राहू द्या. त्या पाचजणींचं वाचून मला रात्री झोप नाही. वडिलांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भावाने हक्कसोडपत्र पुढे केलं. "ताई, फक्त सही." माझ्या हातात चहाचा ट्रे होता, तो ओट्यावर ठेवून सही केली. मुलींना मुलांइतका वाटा देणारा 2005 चा कायदा ठाऊक असून केली. दीड एकर गेलं. माझी बाजू न्यायला कुणी नव्हतं.

खरं_ते_बोला
वाईट वाटलं, ताई. पण त्या मुलींची गोष्ट ज्यात आहे त्या गणना 27 वर थांबू नका, 36 वाचा. भाऊबंदांनी तक्रार केली आणि याच मोशेने त्या मुलींना आपल्याच वंशात लग्न करायला लावलं. चुलतभावांशी झाली त्यांची लग्नं.

माहेरची_वाट
अट घातली, वाटा काढून घेतला नाही. माझा वाटाच गेला. आणि वाईट वाटलं म्हणून लगेच शिकवायला बसू नका. तुम्ही बहिणीची सही घेतलीत का, ते सांगा आधी.

खरं_ते_बोला
चर्चा मोशेवर चालली आहे. घरात शिरायचं कारण नाही.

रेवदंड्याची_नात
आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी यहुदी. वल्हांडणाला, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाला, हगादा ही पोथी वाचतो. 1874 साली पुण्यात ती मराठी अर्थासह छापली गेली. मिसरातून सुटकेची सगळी कथा आहे, पण मोशेचं नाव जेमतेम एकदा येतं. सोडवणारा देव. तरी आजी "मोशे रब्बेनू"च म्हणायची, म्हणजे आमचा गुरू. कोकणातल्या पूर्वजांकडे ना ग्रंथ होता ना रब्बी (धर्मगुरू), तरी मोशेच्या नियमातल्या विसाव्याच्या दिवशी, शनिवारी, तेलाचा घाणा बंद. म्हणून तर शनवार तेली. शिकवणाऱ्याशिवाय हे इतकं मुरतं का?

खरं_ते_बोला
बरं. टपालवाला हा शब्द मागे घेतो. हम्मुराबीबद्दल म्हटलं त्यातलं काहीही मागे घेत नाही.
ताई, हो. घेतली आहे सही.