विंडोज १० संपलं, लॅपटॉप ठणठणीत आहे. भंगारात काढू का?

साबुदाणावडा:
बाबांचा लॅपटॉप सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ ला हा प्रोसेसर चालत नाही. दुकानदार म्हणतो, "नवा घ्या, वीजही कमी खातो." वापर म्हणाल तर बँक, यूट्यूब, मराठी टायपिंग. विजेचं खरं आहे का?

मीटरवाला:
खरं आहे, पण किती ते बघा. साध्या कामाला असा लॅपटॉप २० वॉटच्या आसपास घेतो. रोज ५ तास धरले तर वर्षाला ३६-३७ युनिट. नवा निम्मी वीज खाईल असं मानलं तरी वाचली १८ युनिट. आपल्याकडची वीज बहुतांश कोळशाची, युनिटमागे पाऊण किलोच्या आतबाहेर कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वर्षाला तेरा-चौदा किलो. नवा लॅपटॉप बनतानाच साधारण दोनशे किलो खर्ची पडलेले असतात. फिटायला पंधरा वर्षं! एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) टाका, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम घाला, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, वायफाय-प्रिंटर ओळखतोय ना ते कळेल.

नऊवारी_कोडर:
+१. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटाच्या ऑक्युलर या पीडीएफ रीडरला २०२२ मध्ये जर्मनीचं 'ब्लू एंजेल' पर्यावरणचिन्ह मिळालं, सॉफ्टवेअरला पहिल्यांदाच. त्यात वीज मोजतात, पण माझ्या मते खरी अट दुसरी: किमान पाच वर्षं जुन्या यंत्रावर ते चाललं पाहिजे. आपल्या बँकांच्या ॲपना लावा ही अट!

सीए_गल्ली:
बाबा टॅली किंवा डिजिटल सहीचा टोकन वापरत असतील तर मिंटच्या नादी लागू नका, डोकं फिरेल. विंडोज १० वरच राहून ईएसयूची, म्हणजे सपोर्ट संपल्यानंतरची वाढीव सुरक्षा अपडेट्स घ्या, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

साबुदाणावडा:
टॅली नाही. पण यूट्यूब लावलं की पंखा विमानासारखा ओरडतो.

मीटरवाला:
यूट्यूब एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवत असणार. तो उलगडणारं हार्डवेअर सातव्या पिढीत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. ब्राउझरला एच२६४इफाय एक्स्टेन्शन लावा, मग यूट्यूब जुन्या एच२६४ फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं आणि तो हार्डवेअर उलगडतं. मिंटवर ब्राउझरचं हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे ना, तेही बघा.

साबुदाणावडा:
एसएसडी कुठली घेऊ?

मीटरवाला:
आत २.५ इंची हार्ड डिस्क असेल तर साटा जोडणीची २५६ जीबी एसएसडी पुरे. आधी फोटोंचा बॅकअप घ्या, मिंट टाकताना डिस्क पुसली जाऊ शकते.