डोंगरांचे फोटो एडिट करताना जोर आणायला गेलं की खोटे का दिसतात? आणि क्रिटिकमधलं (लोकांनी फोटोवर दिलेल्या मतांमधलं) नेमकं ऐकायचं काय?

धुकेरी:
मंडळी, बर्फाच्या शिखरांचा एक फोटो आहे. मागे एकापाठोपाठ फिकट होत गेलेल्या रांगा, वर वादळी ढग आणि त्यातूनच एका कड्यावर पडलेलं ऊन. रॉ फाईल (कॅमेऱ्यातली, प्रक्रिया न झालेली) अगदी सपाट दिसते, पण तिथे उभं असताना जे अंगावर आलं होतं ते मला फोटोत हवंय, म्हणून शॅडो (गडद भाग) उचलल्या, हायलाइट (उजळ भाग) खाली ओढले, क्लॅरिटी (बारकावे ठसठशीत करणारं), डीहेझ (धुरकटपणा काढणारं), आकाशाला ग्रेडियंट (वरून खाली हळूहळू कमी होत जाणारा गडदपणा), सगळं करून बघितलं. मतं विचारली तर एक म्हणतो कडांना हेलो (उजळ किनार) आलाय, दुसरा म्हणतो रंग कमी कर, तिसरा म्हणतो खोटा वाटतो, आणि एकाला जाम आवडलाय. ऐकायचं कुणाचं? सगळ्यांचं ऐकलं तर परत त्या सपाट फाईलवरच येईन.

कातळ:
आधी डीहेझबद्दल बोलतो कारण माझ्या मते मूळ तिथेच आहे. लांबची रांग निळसर आणि फिकट दिसते ती मधल्या हवेत प्रकाश विखुरतो म्हणून, आणि त्या फिकटपणावरूनच आपल्या डोळ्याला कळतं की ती लांब आहे. पूर्ण फ्रेमला डीहेझ मारलं की मागची रांग पुढच्याइतकीच काळी आणि टोकदार होते, खोली गेली, डोंगर एकमेकांना चिकटले. वर त्याने रंगही भडक होतात, म्हणजे 'रंग कमी कर' म्हणणाऱ्याला बहुतेक तेच खटकलंय. मास्क लावून (म्हणजे ठराविक भागच निवडून) फक्त जवळच्या खडकांना आणि ढगांना द्या, मागच्या रांगा तशाच धुरकट राहू द्या, हवं तर अजून थोड्या मऊ करा. आणि बर्फावरच्या सावल्या निळ्या दिसतात म्हणून व्हाइट बॅलन्स (पूर्ण फोटोचा रंगकल) पिवळ्याकडे ओढू नका, सावलीतल्या बर्फावर उजेड निळ्या आकाशाचाच पडतो, तिथे थोडा निळा असायलाच हवा.

सूर्यकोर:
हेलोचं सांगते. शॅडो वर आणि हायलाइट खाली एकदम ताणले की जिथे काळा कडा आणि उजळ आकाश भेटतं तिथे पांढरी किनार येते, क्लॅरिटीने ती अजून वाढते. १००% झूम करून पूर्ण रिजलाइनवरून (डोंगर आणि आकाश भेटतात त्या रेषेवरून) एकदा सरकत जा. ग्रेडियंटचंही तेच, आकाशासोबत शिखराचा माथाही काळवंडतो आणि खालचा भाग उजळच राहतो, ऊन वरून आणि माथा अंधारात, म्हणून 'खोटा' वाटतो. ल्युमिनन्स रेंजने (उजेडाच्या पातळीवरून भाग निवडणाऱ्या टूलने) शिखर त्या ग्रेडियंटच्या मास्कमधून वजा करा.

धुकेरी:
माथ्याचं अगदी बरोबर, आत्ता उघडून बघितलं तर शिखराचं टोक खरंच काळं पडलंय. पण मग नाट्यच गेलं तर? मला गडद आकाश हवंच आहे.

जुनी_रीळ:
मग ठेवा की! गडद आकाशाला कुणाचाच विरोध नाहीये. अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने १९२७ साली अमेरिकेतल्या योसेमिटीच्या हाफ डोम या कड्याचा कृष्णधवल फोटो घेताना आधी पिवळा फिल्टर लावला, मग मनात होतं तसं आकाश येणार नाही म्हणून गडद लाल लावून परत घेतला, आणि दिवसाउजेडी आकाश जवळजवळ काळं आलं. डोळ्याला तसं कधीच दिसत नाही, तरी तो फोटो पटतो, कारण कड्यावरचा उजेड एकाच दिशेने येतो आणि त्याच्याशी कुठे छेडछाड झालेली दिसत नाही.

क्रिटिकबद्दल म्हणाल तर लोक बऱ्याचदा थेट औषध सांगतात, 'सॅच्युरेशन उतरव', 'क्रॉप कर', पण दुखणं कुठे आहे ते आपणच शोधायचं असतं. म्हणून 'कसा वाटला' विचारूच नका. नजर आधी कुठे जाते आणि कुठे अडते, एवढंच विचारा. तिघांची नजर एकाच कोपऱ्यात अडली तर तो कोपरा बघायलाच हवा, मग तिघांनी उपाय वेगवेगळे सांगितले तरी चालेल. आवडला म्हणणाऱ्यालाही सोडू नका, नेमकं काय आवडलं विचारा. तो उन्हातला कडा असेल तर बाकी सगळं त्याच्यासाठी थोडं दाबा, सगळीकडे जोर दिला की कशालाच जोर राहत नाही.

सूर्यकोर:
+१. आणि अंधाऱ्या खोलीत फुल ब्राइटनेसवर एडिट करत असाल तर तेही बघा, फोटो दुसऱ्यांच्या स्क्रीनवर काळपट जातो. नवीन व्हर्जन टाकाल तेव्हा जुनं काढू नका, शेजारी ठेवा, फरक बघून बोलता येतं.