मीटरपेक्षा शटर तपासावे

'याशिका मॅट १२४जी हा दोन लेन्सचा जुना फिल्म कॅमेरा घ्यायचा, तर प्रकाश मोजणारा मीटर चालू असलेलाच घ्यावा', हा सल्ला मला तितकासा पटत नाही. त्या मीटरला लागणारा पाऱ्याचा सेल आता बनत नाही आणि प्रकाश मोबाइलवरही मोजता येतो, त्यामुळे बंद मीटरमुळे भाव उतरलेला कॅमेरा उलट फायद्याचा ठरतो. मात्र शटर १ सेकंदावर लावून कान देऊन ऐकावे. घरघर मध्येच अडखळली, तर आतले वंगण घट्ट झाले आहे आणि वाचलेले पैसे दुरुस्तीत जाणार, असे समजावे. मग मागचे झाकण उघडून, शटर 'बी'वर (बटण दाबलेले असेपर्यंत ते उघडे राहते) धरून लेन्समधून टॉर्च मारावा. पावसाळे कपाटात काढलेल्या कॅमेऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसू शकते (माझ्याकडच्यात होतीच). वरच्या, केवळ पाहण्याच्या लेन्सवर ती थोडी असल्यास चालेल. फोटो काढणाऱ्या खालच्या लेन्सवर नको.