कोरिलेशनची साखळी तुटतेय, मदत हवी (अर्जंट!)

हळदकांडी: परवा व्हायव्हा आहे. तीन कॉलम, दोन-दोनचं कोरिलेशन काढलं (एक वाढलं की दुसरं किती साथ देतं ते, −१ ते १ मध्ये). अ–ब ०.६०, ब–क ०.६०. मग अ–क पण धन यायला हवं ना? येतंय −०.२१! आकडे तीनदा भरले. एक्सेल गंडलंय का? लवकर सांगा.

मिरजेचा_तंबोरा: अ, ब, क म्हणजे काय? नावं सांगायला पैसे पडतात का?

चौथा_गिअर: कोरिलेशन म्हणजे कार्यकारण नव्हे, हे आधी समजून घ्या.

हळदकांडी: ते विचारलंच नाही हो. द्राक्षाचा डेटा आहे. अ वेलीवरचे घड, ब वेलीचा माल किलोत, क मण्याचं वजन. ४० वेली.

तासगावचा_माळ: वाण कुठला? सोनाका का माणिक चमन?

हळदकांडी: थॉम्पसन. एकच बाग.

तासगावचा_माळ: मग यात नवल ते काय? घड जास्त ठेवले की मणी बारीकच राहणार, वेल पोसणार तरी किती? घड वाढले तरी माल वाढतो, मणी फुगला तरी वाढतो, पण दोन्ही एकदम होत नाही. आमच्या आबांनी शाळा न शिकता सांगितलं असतं. विरळणी कधी केली? जीएचं (जिबरेलिक अ‍ॅसिड, मणी फुगवायला) डिपिंग, म्हणजे घड बुडवणं, किती वेळा?

चौथा_गिअर: स्पिअरमन काढा, सगळं सुटेल.

गणोबा: काही सुटत नाही. स्पिअरमन म्हणजे क्रमांकांवर काढलेलं तेच कोरिलेशन, साखळी तिथंही तुटते. हळदकांडी, दोन्ही ०.६० चा गुणाकार कर: ०.३६. प्रत्येकाचा वर्गही ०.३६च. आता १ मधून वर्ग वजा करून (१−०.३६) गुणिले (१−०.३६), त्याचं वर्गमूळ ०.६४. ते ०.३६ मधून वजा कर, मग मिळव. अ–क −०.२८ पासून १ पर्यंत कुठंही पडू शकतं. तुझं −०.२१ आतच आहे. धन येण्याची खात्री कधी? दोन्हींच्या वर्गांची बेरीज १ च्या वर गेली तर. तुझी ०.७२ भरते.

हळदकांडी: म्हणजे दोन्ही ०.७१ च्या वर हवेत? गाईड तर म्हणाले डेटा चुकलाय.

गणोबा: दोन्ही तेवढे असले तर हमी. आणि ४० वेलींवर, हा निव्वळ योगायोग नाही असं ५ टक्के पातळीला म्हणायला (चिन्ह सोडून) साधारण ०.३१ लागतं, त्यामुळं या −०.२१ वर फार ताणू नकोस. 'घड वाढले की मणी बारीक' हे या आकड्यानं सिद्ध झालं असं व्हायव्हात बोललास तर अडकशील.

तासगावचा_माळ: सिद्ध काय करायचं, बागेत येऊन बघा की!

मिरजेचा_तंबोरा: बेदाण्याला आज दर काय निघाला?

हळदकांडी: ओ, त्याला वेगळा धागा काढा. गणोबा, ०.६४ परत एकदा, वहीत उतरवतोय.