मदत हवी आहे: अर्धी शिवलेली गोधडी उसवू का?

नमस्कार मंडळी. अर्धवट पडलेलं शिवण एकेक करून हातावेगळं करतेय. दोन अभ्रे आणि एक पिशवी पटकन झाली. अडलेय गोधडीवर.

वर चौकोनी तुकडे, मध्ये पातळ सुती थर, खाली अस्तर. मधोमधून सुरुवात करून मशीनवर सरळ रेघा मारत होते. सहाव्या रेघेनंतर उलटून पाहिलं, तर अस्तराची बोटभर चुणी टाक्याखाली दाबली गेलेली! वरून सगळं सपाट दिसतं. थर फक्त टाचण्यांनी जोडले होते, त्याही वीतभर अंतरावर. अस्तर नीट ताणून बसवलं नव्हतं, चूक तिथेच झाली असं वाटतं. आधी कच्चा धावदोरा घालायला हवा होता.

आता चुणीपुरतंच उसवू की सहाही रेघा? टाका २ मिमीचा, अगदी बारीक आहे आणि तुकडे मुलांच्या लहानपणच्या कपड्यांचे. एक निळा चौकोन मुलीच्या पहिल्या फ्रॉकचा, विरून जाळीसारखा झालाय. उसवणीचं टोक तिथे लावायला हात धजत नाही. त्याच्यामागे मऊ कापडाचा तुकडा लावून आधार देता येईल का?

उरलेलं काम मशीनला वॉकिंग फूट (वरचे-खालचे थर एकसारखे पुढे सरकवणारा दाबपाय) लावून करू की हाताने? आणि हो, अस्तर नवं आहे, न धुता वापरलंय. पहिल्या धुण्यात ते आटलं तर वरचे जुने तुकडे गोळा होतील ना? कुणी अशी गोधडी सावरली असेल तर नक्की सांगा.