घरी डायलिसिस करणाऱ्यांना वीजबिलात सवलत द्यावी का?

सिंहगड रस्ता: माझ्या वडिलांचे पोटाचे डायलिसिस घरीच सायकलर मशीनवर होते. द्रावणाची पिशवी जोडताना पंखा आणि खिडक्या बंद, तोंडाला मास्क. मग रात्रभर मशीन द्रावण अंगाच्या उष्णतेइतके तापवून पोटात सोडते आणि काढून घेते. घरगुती वापर 100 युनिटांच्या पुढे गेला की वरच्या युनिटांचा दर दुपटीच्या घरात जातो. रुग्णालयातली खाट अडवू नये म्हणून घरी उपचार घेणाऱ्यांनाच हा वाढीव दर का, हा माझा प्रश्न आहे. उपचाराला लागणारी वीज सरकारने सोसावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोथरूडकर: रुग्णांविषयी पूर्ण सहानुभूती असूनही मी या मागणीला विरोध करतो. पोटाचे डायलिसिस करणारे अनेकजण दिवसातून तीन-चार वेळा हातानेच पिशव्या बदलतात. त्यांना यंत्र लागत नाही, द्रावण वरून खाली आपोआप उतरते. त्यांचे कंबरडे मोडते ते पिशव्यांच्या खर्चाने. मग सरकारचा पैसा आधी तिथे जायला नको का? शिवाय महावितरणने सूट दिली की ती शेवटी तुमच्याआमच्याच दरात भरली जाते.

सिंहगड रस्ता: पिशव्यांचा मुद्दा मला मान्य आहे, दरवाढीचा नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 65 नुसार राज्य सरकारला कोणत्याही ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल, तर तिची रक्कम सरकारनेच आगाऊ भरायची असते. त्यामुळे हा भार इतर ग्राहकांवर पडण्याचे कारण नाही. घरी हिमोडायलिसिस, म्हणजे रक्त यंत्रातून फिरवून शुद्ध करणाऱ्यांचाही विचार करा. मिनिटाला 500 मिलिलिटर या नेहमीच्या वेगाने चार तासांत 120 लिटर द्रावण लागते, त्यासाठी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी वेगळेच. इंग्लंडमध्ये अशा रुग्णांना वीज व पाण्याचा जादा खर्च तेथील सरकारी आरोग्यसेवा परत करते.

औंधवासी: तत्त्व पटले, पण पद्धत नाही. बिलातच सूट ठेवली, तर घरातल्या एसीची वीजही उपचाराच्या नावावर जाईल, आणि भाड्याने राहणाऱ्या रुग्णाच्या नावावर मीटर नसल्याने खरा गरजूच वगळला जाईल. मूत्रपिंडतज्ज्ञाने उपचाराचे तास लिहून द्यावेत, त्यावरून युनिटे ठरवावीत आणि रक्कम थेट रुग्णाच्या खात्यात जमा करावी. त्याआधी एक बिनखर्चाचे काम महावितरणने करावे: पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, तेव्हा अशा घरांना आदल्या दिवशी फोन करून वेळ कळवावी.