‘रातोरात’ म्हणे! वसंतराव, कट्यार आणि ४७ वर्षांची रात्र

खर्जातला

परवा एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गायक वसंतराव देशपांड्यांवरचा एक मजकूर फिरत फिरत आला. सारांश असा: मिलिटरी अकाउंट्समधला एक साधा कारकून, १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक पदरात पडलं आणि गडी रातोरात स्टार झाला. आजच्या भाषेत ‘ब्रेकआउट’. शेवटची ओळ, ‘आवाज दैवी असला की बाकी सगळं आपोआप होतं.’ खाली अंगठे आणि जोडलेल्या हातांची रांग. तिथे मी बोललो नाही, कारण त्या ग्रुपवर सासरे आहेत. म्हणून इथे.

रातोरात? डिसेंबर १९६७ला पहिला प्रयोग झाला तेव्हा माणूस ४७ वर्षांचा होता. मूर्तिजापूरला जन्म, नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे तालीम, १९३५च्या ‘कालिया मर्दन’ बोलपटात पोरवयात कृष्ण. लाहोरला असद अली खाँसाहेबांकडे महिनोन्‌महिने नुसता मारवा राग. कानात दीनानाथ मंगेशकर मुरलेले. आणि हे सगळं पोटात ठेवून पुण्यात दोन दशकं खर्डेघाशी, मध्येच थेट नेफात (आजच्या अरुणाचलात) बदली. बरीच लांबली म्हणायची ही रात्र.

दुसरं, तो आवाज ‘दैवी’ वगैरे नव्हता. गोड तर नव्हताच. त्याला धार होती, आणि कुठे वळेल याचा भरवसा नव्हता. घराणेवाले तर म्हणायचे, हे नक्की कुणाचं गाणं? माझं म्हणणं एवढंच की जी गोष्ट बैठकीत खटकायची, तीच खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाल्यांच्या भूमिकेत सोन्याची झाली. खाँसाहेब हा वर्षानुवर्षं हरलेला माणूस. मग राजगायकपद मिळतं, पण जिंकल्याचं समाधान नाही. ती तगमग संवादात थोडी आणि तानेत जास्त आहे. ‘घेई छंद मकरंद’ एकच पद, चाली दोन. एक खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडितजी, त्यांच्या वळणाची, दुसरी खाँसाहेबांच्या. दोन्ही लागोपाठ ऐका. शब्द तेच, माणूस वेगळा. याला मी अभिनय म्हणतो.

म्हणूनच त्या पदांना वन्स मोअर देणं मला कबुलीजबाब दोनदा मागण्यासारखं वाटतं.

मूर्तिजापूरवाला

राजेहो, गावाचं नाव घेतलं तुम्ही, आभार. नाहीतर आमचं स्टेशन लोकांले फक्त शकुंतला रेल्वेपायी माहीत. नाटक लिवणारे दारव्हेकर मास्तर नागपूरचे, गाणारा आमच्या मूर्तिजापूरचा, अन् ‘वैभव’ कोनाचं? मुंबई-पुन्याचं! बाकी लेख बेस आहे. चालू द्या.

गोंयकार_मडगाव

आणि चाली मंगेशीच्या, ते सोयीस्कर विसरलात? संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांचं नाव अख्ख्या लेखात नाही. अहो, १९६४ला ‘मत्स्यगंधा’ करून त्यांनी नाट्यपदाचा पसारा आटोपशीर केला, त्यानंतरची ही ‘कट्यार’. त्या दोन्ही चाली कुणी बांधल्या? तगमग कुणी घातली त्यात? शिंपी अभिषेकी, कापड दारव्हेकरांचं, आणि तुम्ही अंगरखा घालणाऱ्याचा खांदा बघून खूश! पंडितजींचा शिष्य सदाशिव करणारे प्रसाद सावकार आमचे, त्यांच्यावर एक ओळ नाही. भार्गवराम आचरेकर पंडितजी, फैय्याज म्हणजे खाँसाहेबांची मुलगी झरीना. एवढी माणसं गात होती त्या नाटकात, मरे.

खर्जातला

अभिषेकी राहिले ही चूक, मान्य. पण शिंप्याची उपमा मलाच फायद्याची आहे. अंगरखा मापाचा शिवलाय. बुवांनी ज्या गळ्यासाठी तो बेतला तो गळा आधी तयार होता.

स्पष्टवक्ती

तुमचा लेख वाचून डोक्यात तिडीक गेली, कारण मला उलटं दिसतं. रातोरात नसेल, पण दैवच होतं ते. प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेने त्या नाटकावर पैसे लावले नसते, ते स्वतः कविराज बांकेबिहारी म्हणून उभे राहिले नसते, तर ४७ वर्षांची तयारी ६० वर्षांची झाली असती. बस.

माझा थोरला भाऊ. नाव नको. एका सरकारी कचेरीत ३४ वर्षं. पहाटे साडेचारला उठून रियाज, सव्वासातची लोकल, संध्याकाळी पाय सुजलेले. आवाज असा की चाळीतला गणपती त्याच्या गाण्याशिवाय उठत नसे. त्यालाही मारवा येत होता हो! पण पणशीकर आले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि साहेबांची फर्माईश: काहीतरी हलकंफुलकं होऊ द्या. ‘तयारी असली की संधी येते’ म्हणणाऱ्यांना मी त्याच्या घरी घेऊन जाईन. तुमचा लेख तेच म्हणतोय, फक्त सुशिक्षित भाषेत.

खर्जातला

तसं मी कुठेही म्हटलेलं नाही. परत वाचा.

स्पष्टवक्ती

वाचलं. दोनदा. वन्स मोअर दिला.

शेवटची_कर्जत

मूळ विषयात पडत नाही, शास्त्रीय मला कळत नाही. पण शेवटच्या ओळीला माझ्याकडून कोपरापासून नमस्कार. वन्स मोअर हा कायद्याने बंद करायला हवा.

२०१०ला नाटक नव्याने आलं, सुबोध भावेंचं दिग्दर्शन, वसंतरावांचा नातू राहुल देशपांडे आजोबांनी गाजवलेल्या भूमिकेत. पुढच्या वर्षी मी दादरकडच्या एका नाट्यगृहात बघितलं. हौसेने, बायकोसकट, बदलापूरहून. पहिला अंक स्वर्ग. दुसऱ्यात मागून एक काका सुरू झाले. पद संपलं, वन्स मोअर. पुन्हा संपलं, वन्स मोअर. मी घड्याळ बघतोय, बायको माझ्याकडे बघतेय. शेवट आम्ही विंगेच्या बाजूच्या दारात उभ्याने बघितला, एक पाय बाहेर. तरी शेवटची कर्जत लोकल डोळ्यांदेखत गेली. फलाटावर बाकड्यावर रात्र काढली. बायको आजही म्हणते, कट्यार कुणाच्या काळजात घुसली ते मला विचारा.

जुना_प्रेक्षक

बदलापूरकर, नाटक तुमच्या लोकलच्या वेळापत्रकाने चालत नाही. १८८०च्या ‘शाकुंतला’त दोनशेच्या आसपास पदं होती, प्रेक्षक पहाटे घरी जायचे आणि तक्रार करत नव्हते. बालगंधर्वांना पुन्हा पुन्हा गायला लावणारे लोक वेडे होते काय? वन्स मोअर ही नटाची पावती आहे. टाळी कुणीही वाजवतो.

आणि धागाकर्ते, तुमची जन्मतारीख काय? वसंतराव १९८३ला गेले. तुम्ही त्यांना रंगमंचावर पाहिलेलं नाही. कॅसेट ऐकून ‘याला मी अभिनय म्हणतो’ असं लिहायला छाती लागते.

मी पाहिलंय. सात वर्षांचा होतो, वडिलांच्या मांडीवर पहिल्या अंकात झोपलो होतो. तानेने जाग आली. रडायला लागलो, घाबरून. वडील मला बाहेर घेऊन गेले नाहीत, तोंडावर हात ठेवून तिथेच बसून राहिले. मी वडिलांना असं हललेलं त्यानंतर एकदाच पाहिलं, आजी गेली तेव्हा. आणि हो, त्या पदाला वन्स मोअर मिळाला होता. दुसऱ्यांदा मी रडलो नाही, ऐकलं.

खर्जातला

जन्म १९८१चा. पाहिलं नाही, कबूल. पण मग तुम्ही सातव्या वर्षी अभिनय पाहिलात असं समजायचं का? तुम्ही तर डोळे मिटून होतात.

तुमची आठवण मात्र माझ्याच बाजूची साक्ष आहे. पोर घाबरलं. निव्वळ सुरेल तानेने कुणी घाबरत नाही. त्या तानेतला माणूस धावून आला अंगावर. दुसऱ्यांदा तुम्ही रडला नाहीत, कारण दुसऱ्यांदा फक्त गाणं उरलं होतं. तेच म्हणतोय मी.

जुना_प्रेक्षक

आमच्या वडिलांच्या आठवणीवर वकिली करू नका. जरा नीट राहा.

पायपेटीवाल्याची_लेक

वन्स मोअरवर एवढं रण माजलंय तर पडद्याच्या खालच्या बाजूचंही ऐका. माझे बाबा ऑर्गन वाजवायचे. मोठ्या नावाच्या कंपनीत नाही, दौऱ्यांवर, गावोगाव. गायक दमला तर घोटभर पाणी पितो, टाळ्या त्याला. बाबांचे पाय त्या पायपेटीच्या भात्यावर चार-साडेचार तास. शेवटी गुडघे गेले. नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, ठरलेली. पद एकदा वाजवा नाहीतर चारदा, पाकीट तेच. मी शाळेत असताना एकदा विचारलं, बाबा, वन्स मोअरचे वेगळे पैसे देतात का? आई हसून हसून बेजार. बाबा हसले नाहीत.

इतक्या प्रतिक्रियांत ‘कट्यार’च्या साथीदारांचं नाव एकानेही काढलं नाही. लेखकाचं गाव सापडलं, संगीतकाराचं सापडलं.

शेवटची_कर्जत

ताई, हे डोक्यात आलंच नव्हतं. म्हणजे वन्स मोअर ही वेठबिगारीपण आहे. माझा मुद्दा भक्कम झाला.

पायपेटीवाल्याची_लेक

नाही झाला. बाबांना वन्स मोअर आवडायचा. पहिल्यांदा गायकाच्या मागे जावं लागतं, दुसऱ्यांदा तो माझ्याकडे बघतो, असं म्हणायचे. माझा राग पाकिटावर आहे.

गोंयकार_मडगाव

आमच्याकडे जत्रेतल्या नाटकाला प्रेक्षक घरी जायची घाई करत नाही. मुंबईत लोकल नाटक चालवते. बदलापूरकरांनी मडगावला यावे, परतीच्या गाडीची हमी मी देतो.

मूर्तिजापूरवाला

अन् आमच्याकडं? गाडीच नाही बे. मुक्कामच.

स्पष्टवक्ती

गाड्यांची चर्चा संपली असेल तर मूळ प्रश्न तसाच आहे. धागाकर्ते एकीकडे म्हणतात गाणं आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत. मग २०१५च्या चित्रपटाचं काय? पडद्यावर सचिन पिळगांवकर, गळा राहुल देशपांड्यांचा. लोकांनी डोक्यावर घेतला. माझी भाची, जी तोवर फक्त इअरफोनमधली गाणी ऐकायची, ती ‘सुरत पिया की’ गुणगुणत भांडी विसळत होती. गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा, तरी चाललं. तुमच्या सिद्धांताची झाली की नाही वाट?

खर्जातला

चाललं, आणि छान चाललं. ‘अरुणि किरणि’साठी महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण सिनेमात कॅमेरा डोळ्यांजवळ जातो, चेहऱ्याला सोय असते. नाटकात पंधराव्या रांगेतल्याला डोळे दिसत नाहीत. त्याला खाँसाहेब फक्त तानेतून कळतो. तुमच्या भाचीला गाणं आवडलं. खाँसाहेबाची भीती वाटली का, विचारून सांगा.

स्पष्टवक्ती

विचारलं. म्हणाली, भीती नाही, कीव आली.

घ्या. हा मुद्दा तुमचा. देताना जिवावर येतंय, नोंद घ्यावी. भावाचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही आणि तुम्ही त्याला उत्तरही दिलेलं नाही.

खर्जातला

कारण उत्तर नाही. वसंतरावांना ४७व्या वर्षी मापाची भूमिका मिळाली आणि तुमच्या भावाला नाही. यात तयारीचा काही दोष नाही. ‘आपोआप होतं’ या वाक्यावर मी चिडलो ते याचसाठी. नीट लिहिता आलं नाही.

स्पष्टवक्ती

आता आलं.

जुना_प्रेक्षक

आपसात गळाभेट झाली असेल तर वन्स मोअरचा निकाल लावा. धागाकर्ते, ‘या भवनातील गीत पुराणे’ला तरी देणार की नाही?

खर्जातला

त्याला तर मुळीच नाही! खाँसाहेब पंडितजींच्या हवेलीत पाऊल टाकतो आणि जुनी हळवी गाणी इथून घालवा म्हणतो. तुम्ही पिटातून ओरडून तेच गाणं परत बोलावता. त्याच्यावर काय बेतत असेल?

जुना_प्रेक्षक

हे मला पन्नास वर्षांत सुचलं नव्हतं. चिडवण्याची कला तुम्हाला अवगत आहे. तरी ओरडणार.

शेवटची_कर्जत

तडजोड सुचवतो. नाटकात राजगायकाला कट्यार मिळते आणि एक खून माफ असतो. तसा प्रेक्षकाला तिकिटामागे एक वन्स मोअर माफ. एकच. साडेदहाच्या आत.

पायपेटीवाल्याची_लेक

आणि त्याचे पैसे पायपेटीवाल्याला.

जुना_प्रेक्षक

एकच असेल तर ‘तेजोनिधी लोहगोल’ला.

गोंयकार_मडगाव

‘घेई छंद’ सोडून? शुद्धीवर आहात ना?

मूर्तिजापूरवाला

‘घेई छंद’ म्हणजे कोनती चाल, पंडितजीची का खाँसाहेबाची? पहिले थे ठरवा.